साताऱ्याच्या डोंगरातला रानतेरडा ओळखायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की यवतेश्वर घाट, कास, ठोसेघर, महाबळेश्वर या बाजूने गुलाबी फुलांचे फोटो फिरू लागतात आणि सोबत ठरलेला प्रश्न असतो: हे कुठलं फूल? बऱ्याचदा उत्तर ‘तेरडा’ असंच असतं. पण कुठला तेरडा, हे सांगायला तो फोटो पुरत नाही, कारण तो समोरून काढलेला असतो. तेरड्याची खरी ओळख त्याच्या पाठीमागे असते. पुढची बहुतेक उत्तरं या ना त्या वाटेने तिथेच येतात.

मोबाईलचं ॲप ‘वाइल्ड जिरेनियम’ म्हणतंय. आपल्याकडे रानात जिरेनियम असतं का?

आधी तीन वेगळ्या गोष्टी सुट्या करू. नर्सरीत कुंडीत मिळणारं जिरेनियम आणि राज्यातले काही शेतकरी तेलासाठी लावतात ते सुगंधी जिरेनियम, ही दोन्ही शास्त्राच्या भाषेत पेलार्गोनियम. त्यांचं मूळ दक्षिण आफ्रिकेत आहे. खरं रानटी जिरेनियम ही थंड डोंगराळ प्रदेशातली मंडळी. हिमालयात त्यांच्या बऱ्याच जाती आहेत आणि त्यातली नेपाळेन्स ही जात दक्षिणेत नीलगिरीच्या उंचावरही भेटते. कास-महाबळेश्वरच्या पावसाळी उतारावर तुम्हाला जे गुलाबी फूल दिसलं, ते तेरडा असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. जिरेनियमच्या फुलाला सारख्या आकाराच्या पाच सुट्या पाकळ्या असतात, दहा पुंकेसर असतात आणि मागे शेपटी नसते. पान पंजासारखं फाटलेलं असतं. फळ लांब, टोकदार, पक्ष्याच्या चोचीसारखं. तेरड्याचं पान अखंड, कडेला दातेरी, फूल वेडंवाकडं आणि बहुधा मागे वळलेली शेपटी. एवढं पाहिलं की ॲपला विचारायची गरज उरत नाही.

तरी ॲप अगदीच हवेत बोलत नाही. ब्रिटिश काळातल्या वनस्पतिग्रंथांत तेरडा, आंबुटी आणि जिरेनियम ही सगळी एकाच जिरेनिएसी कुळात घातलेली होती. ग्रंथालयात जुनं पुस्तक उघडलंत तर तेरडा तिथेच शोधा, नाहीतर सापडणार नाही. आज त्याचं बालसमिनेसी हे वेगळं कुळ मानतात आणि ते जिरेनियमपासून बरंच दूरचं आहे.

ॲप ‘हिमालयन बालसम’ही म्हणतं. ते बरोबर असू शकतं का?

नाही. इम्पेशन्स हे तेरड्याच्या वंशाचं शास्त्रीय नाव. त्यातली ही इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा, हिमालयातली, माणसाच्या उंचीची होणारी जात. ब्रिटनमध्ये बागेतून निसटून तिने नदीकाठ व्यापले, त्यामुळे इंटरनेटवर तिचे फोटो भरमसाट आहेत आणि ॲपची धाव पहिल्यांदा तिच्याकडे जाते. ॲपने दिलेल्या नावापुढे ती जात मुळात कुठली आहे, हे नेहमी वाचा. ठिकाण जुळत नसेल तर नाव सोडून द्या.

हे फूल तेरड्याचंच आहे, हे कशावरून ठरवायचं?

खोडापासून सुरुवात करा. ते रसाळ, ठिसूळ, पाण्याने भरलेलं असतं. उन्हासमोर धरलं तर आरपार उजेड दिसतो. पेराशी थोडं फुगलेलं असतं.

मग फूल बाजूने बघा. तेरड्याच्या फुलात संदलांपैकी, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरच्या दलांपैकी, खालचं एक दल पाकळीसारखं रंगीत होऊन होडीसारखा किंवा नरसाळ्यासारखा आकार घेतं आणि त्याचं टोक मागे शेपटीत निमुळतं होतं. शास्त्रीय मराठीत या शेपटीला शुंडिका म्हणतात. मध त्या टोकाशी असतो. बाकीची दोन संदलं इतकी बारीक असतात की मुद्दाम शोधावी लागतात. पाकळ्या मोजायला गेलात तर तीनच भरतात: वर एक आणि बाजूला दोन पसरट. प्रत्यक्षात त्या पाच आहेत, पण बाजूच्या दोन-दोन जोडलेल्या असतात. म्हणून प्रत्येक बाजूच्या पाकळीला खाच पडलेली दिसते. ही खाच किती खोल, वरचा भाग किती छोटा आणि खालचा किती मोठा, यावरही जाती वेगळ्या करतात.

शेवटी बोंड. पिकलेल्या बोंडाला बोट लागताच ते फुटून बी उडालं, तर वाद संपला.

साताऱ्याच्या घाटमाथ्यावर कोणकोणते तेरडे भेटतात?

जगात तेरड्याच्या हजाराहून अधिक जाती आहेत, भारतात दोनशेहून अधिक, आणि पश्चिम घाटातल्या बहुतेक जाती दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. मात्र ही श्रीमंती मुख्यतः केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांत आहे. उत्तरेकडे येताना जाती कमी होत जातात. आपल्या भागात नवख्याला नेहमी भेटतील अशा जाती थोड्याच आहेत, हे आपलं भाग्यच समजा.

पहिली विभागणी पानांवरून करा, रंगावरून नको. पानं खोडावर एकाआड एक आहेत, समोरासमोर आहेत, की खोडच नाही?

एकाआड एक पानं असतील तर नेहमीचा तेरडा, म्हणजे इम्पेशन्स बालसमिना, किंवा पिवळा तेरडा, म्हणजे इम्पेशन्स डालझेली. समोरासमोर पानं असतील तर इम्पेशन्स लॉई, ऑपोझिटिफोलिया किंवा मायनर या लहान चणीच्या जाती. खोड नसून पानं थेट मुळाशी असतील आणि झाड ओल्या कातळाला चिकटलेलं असेल तर इम्पेशन्स अकॉलिस.

नेहमीचा तेरडा म्हणजे नक्की कुठला? सगळे गुलाबी सारखेच दिसतात.

रस्त्याकडेला, बांधावर, घाटातल्या दरडीवर गुडघ्याएवढा किंवा त्याहून उंच वाढलेला, तो बालसमिना. पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखं, कडा करवतीसारख्या. पानाच्या देठाकडे नीट पाहिलंत तर बारीक ग्रंथी दिसतात. त्यासाठी साधं भिंग पुरेसं आहे. फुलं पानाच्या बगलेत एकेकटी किंवा दोन-तीन एकत्र येतात. शेपटी बारीक आणि वळलेली.

सगळ्यात पक्की खूण बोंडात आहे. बालसमिनाचं बोंड मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं आणि दाट लवेने झाकलेलं असतं. इथल्या इतर तेरड्यांची बोंडं गुळगुळीत असतात. फुलाचा रंग गडद गुलाबी ते फिकट असा बदलतो, क्वचित पांढरं फूलही भेटतं. पांढरं दिसलं म्हणून नवीन जात सापडल्याच्या आनंदात लगेच जाऊ नका. आधी बोंडावर लव आहे का ते बघा.

कासवर जो गुलाबी गालिचा दिसतो, तो याच तेरड्याचा ना?

ही गफलत फार होते. कासच्या सड्यावर एकसलग पसरलेला गुलाबी-जांभळा गालिचा मुख्यतः इम्पेशन्स लॉई या छोट्या जातीचा असतो. मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी जॉन सदरलंड लॉ याला वनस्पती गोळा करण्याचा नाद होता. जातीला त्याचंच नाव आहे. हा तेरडा फक्त उत्तर पश्चिम घाटात मिळतो. वीतभर उंची, पानं समोरासमोर आणि जवळजवळ बिनदेठाची. बालसमिना त्याच्या शेजारी उभा केला तर दोघांच्या अंगलटीतला फरक लांबूनच कळतो.

गालिचा होण्याचं कारण सड्याच्या जमिनीत आहे. खाली कातळ, वर मातीचा अगदी पातळ थर. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं आणि नंतर तीच जमीन तव्यासारखी तापते. झाडांना तिथे मूळ धरता येत नाही. ज्यांना पावसात उगवून, फुलून, बी टाकून मोकळं होता येतं, अशा वर्षायू वनस्पतींनाच ती जागा मानवते. आणि एकदा बी टाकलं की पुढच्या वर्षी सगळी रोपं एकदम उठतात.

समोरासमोर पानांचे तीन प्रकार वेगळे कसे करायचे?

खरं सांगायचं तर फोटोवरून हे तीन सोडवणं अवघड काम आहे आणि इथे घाई करणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. तरी काही धागे हाती येतात. ऑपोझिटिफोलियाचं पान अरुंद असतं, त्यामुळे फूल नसताना ते रोप गवतात हरवून जातं. त्याची शेपटी आखूड, नुसतं टोक काढल्यासारखी. मायनरची शेपटी मात्र बारीक, लांब, वळलेली. पूर्वी त्याला क्लेनी म्हणत आणि जुन्या याद्यांत तेच नाव दिसेल. लॉई उघड्या सड्यावर थव्याने असतो. पण हे सगळे ओलसर जागीच वाढतात आणि कधी कधी एकमेकांजवळही असतात, तेव्हा निव्वळ जागेवरून नाव ठरवू नका. शेपटीची लांबी आणि पानाची रुंदी या दोन गोष्टी दिसत नसतील तर ‘समोरासमोर पानांचा छोटा तेरडा’ एवढंच लिहावं. त्यात कमीपणा काही नाही.

पिवळं फूल असलेला तेरडा खरंच असतो का?

असतो, आणि माझ्या मते साताऱ्याच्या रानातलं ते सगळ्यात देखणं फूल आहे. इम्पेशन्स डालझेली हा उत्तर पश्चिम घाटापुरताच मर्यादित आहे. मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक राहिलेले स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ निकोल अलेक्झांडर डालझेल यांच्यावरून त्याला हे नाव मिळालं.

कासला येणारे बरेचजण तो न बघताच परततात, कारण ते सडा सोडून झाडीकडे वळत नाहीत. पिवळा तेरडा सावलीतला. महाबळेश्वर भागात जांभूळ, अंजनी, पिसा यांच्या दाट रानात किंवा रानाच्या कडेला, ओल धरून ठेवणाऱ्या जागी तो दिसतो. पानं एकाआड एक, फूल पिवळं, शेपटी आखूड आणि वळलेली.

लांबून त्याची गल्लत स्मिथियाशी होते, ज्याला हल्ली सगळे ‘मिकी माऊस’ म्हणतात. पण स्मिथिया शेंगवर्गीय आहे: पान बारीक पर्णिकांचं संयुक्त, पिवळ्या पाकळ्यांवर लाल ठिपके आणि फुलाला शेपटी नाही. सोनकी तर सूर्यफुलाच्या कुळातली, तिच्याशी गोंधळ होण्याचं कारणच नाही.

धबधब्याजवळच्या कातळावर बिनखोडाचा तेरडा दिसला. हा वेगळा का?

हा इम्पेशन्स अकॉलिस. पश्चिम घाटाशिवाय तो श्रीलंकेतही मिळतो. उभ्या, झिरपत्या कातळावर शेवाळात त्याचा कंद रुतलेला असतो. पानं थेट तिथूनच येतात आणि एका पर्णहीन दांड्यावर गुलाबी फुलं लागतात. शेपटी फुलाच्या मानाने खूप लांब आणि दोऱ्यासारखी बारीक. बाकीचे तेरडे पावसाळ्यासोबत संपतात, याचा कंद मात्र कोरड्या दिवसांत कातळाच्या फटीत जिवंत राहतो.

फोटोसाठी निसरड्या कातळावर चढू नका. मोबाईलने झूम करा. फूल धूसर आलं तरी चालेल, शेपटी आणि पानांची जागा दिसली की नाव सांगता येतं.

कातळावरच्या निळसर-जांभळ्या बारीक फुलांनाही मागे शेपटी आहे. तोही तेरडा का?

बहुधा सीतेची आसवं. यूट्रिक्युलारिया पर्पुरासेन्स. शेपटी तिलाही असते, त्यामुळे ही शंका अगदी रास्त आहे. पण तिला तेरड्यासारखं पानांनी भरलेलं खोड नसतं, दांडा सुईसारखा बारीक असतो आणि फूल दोन ओठांचं असतं. ती कीटकभक्षी आहे: जमिनीखालच्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडते. तेरड्याला असले उद्योग नाहीत.

गौरीला आणतात तो तेरडा यांपैकी कुठला?

बालसमिना. भाद्रपदात गौरी आवाहनाच्या दिवशी बऱ्याच घरांत तेरड्याची रोपं मुळासकट आणतात. मुळं म्हणजे गौरीची पावलं, अशी समजूत आहे, म्हणून ती धुऊन, जपून आणतात. कुठे पाणवठ्यावरून खडे आणण्याची रीत, कुठे दोन्ही. गावाकडच्या आजीला बांधावरचा तेरडा दाखवला तर ती पुस्तकाशिवाय ओळखते, आणि तिची निवडही अचूक असते: वीतभर लॉई ती आणत नाही, कारण त्याला ना धड मूळ, ना उंची.

हा तेरडा बांधावर, ओढ्याकाठी भरपूर असतो, चार रोपं उपटली म्हणून त्याचं काही बिघडत नाही. मात्र ती रोपं कासच्या पठारावरून किंवा राखीव रानातून आणायची नाहीत.

घरच्या कुंडीतला तेरडा आणि रानातला एकच का?

जात एकच. माणसाने निवडून निवडून त्याला दुहेरी पाकळ्या आणल्या, लाल, जांभळे, ठिपक्यांचे रंग काढले. दुहेरी फुलात शेपटी नीट दिसत नाही, म्हणून ओळख शिकायला बागेतला तेरडा निरुपयोगी. महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांत सावलीला लावतात ते चपट्या, सपाट तोंडाचं ‘इम्पेशन्स’ वेगळं. ती वॉलेरियाना, पूर्व आफ्रिकेतली.

एकाच झाडावर काही फुलांच्या मधोमध पांढरी टोपी दिसते, काहींत नाही. दोन जाती आहेत का?

नाही, ती एकाच फुलाची दोन वयं. तेरड्याचे पाच पुंकेसर एकमेकांना चिकटून स्त्रीकेसरावर टोपीसारखे बसतात. उमललेलं फूल आधी नर असतं. मधमाशी किंवा फुलपाखरू आत शिरताना पाठीवर पराग घेऊन जातं. मग टोपी गळून पडते आणि खालचा स्त्रीकेसर उघडा होतो. त्यामुळे फुलाचा स्वतःचाच पराग स्वतःला लागणं टळतं. टोपी आहे की नाही, यावरून जात ठरवू नका.

बोंड हात लागताच का फुटतं?

बोंडाच्या पाच फाका ताणलेल्या असतात. पिकल्यावर जोड कच्चे होतात, जरा धक्का लागला की फाका आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि बी लांब फेकलं जातं. मुलांना हा खेळ जरूर दाखवा, पण घराजवळच्या तेरड्यावर.

फोटो कसे काढावेत म्हणजे नाव सांगता येईल?

पहिला फोटो फुलाचा बाजूने, शेपटी पूर्ण दिसेल असा. हा एकच फोटो काढता आला तरी निम्मं काम झालं. दुसरा खोडाचा, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक हे कळेल असा. तिसरा बोंडाचा, असल्यास. मग समोरचं फूल आणि शेवटी थोडं मागे सरून सगळी जागा: सडा, झाडी, दरड की ओला कातळ. उंचीचा अंदाज यावा म्हणून शेजारी पेन धरा. हात धरलात तर लोक हाताकडेच बघतात.

पाऊस थांबल्यावर लगेच काढलेल्या फोटोंत पाकळ्या चिकटलेल्या येतात. थोडं थांबा.

फूल तोडून, वहीत दाबून आणलं तर?

तोडू नका, आणि तोडूनही उपयोग नाही. तेरड्याची पाकळी इतकी नाजूक की कागदात दाबल्यावर तिचा लगदा होतो आणि नेमकी ओळखीची खूण जाते. जोसेफ डाल्टन हूकर यांच्यासारखा मातब्बर वनस्पतितज्ज्ञ 1911 साली वारला, तोवर म्हातारपणाची शेवटची वर्षं याच वंशाच्या वाळक्या नमुन्यांशी झुंजत होता. अभ्यासक आजही परवानगी घेऊन फुलं द्रावणात जपतात आणि ताज्या फुलाचे भाग तिथेच सुटे करून त्यांचं चित्र काढतात.

कधी जावं?

अकॉलिस आणि पिवळा तेरडा पाहायचा तर जुलै-ऑगस्टपासून. कासचा गालिचा साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. बालसमिना ऑक्टोबरपर्यंत. पाऊस लांबला की सगळं पुढे सरकतं, त्यामुळे तारीख धरून रजा टाकू नका. कासला हंगामात प्रवेशशुल्क आणि ऑनलाइन बुकिंग असतं, शनिवार-रविवार टाळा. रानाच्या कडेला जाणार असाल तर जळवांसाठी लांब मोजे घाला.

सांगली जिल्ह्यात रानतेरडा मिळतो का?

शिराळ्याच्या पश्चिमेला, चांदोलीच्या बाजूला. जत, आटपाडी, कवठे महांकाळ हा अवर्षणाचा पट्टा. तिथे डोंगरी जाती शोधण्यात अर्थ नाही. साताऱ्यातही माण-खटावची तीच गत. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. दोन्ही ठिकाणं, कासप्रमाणेच, 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांत येतात. पावसाळ्यात आत सोडतातच असं नाही, निघण्याआधी वनविभागाकडे विचारा. प्रवेश नसला तरी घाटरस्त्याच्या दरडी कुणी बंद करत नाही, आणि तेरडा तिथेही असतो.

रानातलं बी आणून घरी लावलं तर चालेल?

कास राखीव वन आहे, आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय वनस्पती किंवा तिचा भाग उचलणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. कायदा बाजूला ठेवला तरी लॉई साताऱ्याच्या गच्चीवर जगवणं जवळजवळ अशक्य. त्याला कासचं धुकं, साचलेलं पाणी आणि पातळ माती हवी. कुंडीत लावायला गावठी बालसमिना उत्तम, त्याचं बी शेजाऱ्याकडेही मिळेल.

भाजी किंवा औषध म्हणून वापरता येतो का?

घरगुती प्रयोग करू नका. तेरड्यात कॅल्शियम ऑक्झलेट असतं. ‘गावात वापरतात’ एवढ्या आधारावर रानातलं काही पोटात घेणं शहाणपणाचं नाही.

इतकं करूनही नाव जुळलं नाही तर कुणाला विचारावं?

वर सांगितलेले फोटो, जागा आणि तारीख घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र किंवा आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे विचारणा करता येते. जवळच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे सर किंवा मॅडमही पुष्कळदा आनंदाने बघतात. फक्त बाजूचा फोटो जोडायला विसरू नका, नाहीतर पहिलं उत्तर येईल: शेपटी दाखवा.